दक्षिणेकडे पाय

बावन्न मिनिटं सतरा सेकंदांनी एका प्रेताने पाय हलवले. गुरुदासने डाव्या हाताने चित्र थांबवलं, उजव्या हाताने दुसऱ्या तक्त्यात वेळ टाकली आणि सवयीने पाच सेकंद मागे गेला. यात नवं काही नव्हतं. सिनेमातली प्रेतं हलतात. पापणी थरथरते, गळ्याची शीर उडते, छातीवरचं कापड वर येतं आणि खाली जातं. एका युद्धपटात गोळी लागून मेलेल्या सेनापतीने शांतपणे आवंढा गिळला होता. तो आवंढा शंभर माणसांच्या नजरेखालून निसटून शेवटी जोयड्यात, बस स्टँडच्या मागच्या या दोन खोल्यांत सापडला होता. साडेतीन वर्षांत गुरुदासने अशी चाळीसच्या वर प्रेतं पकडली होती. त्यांच्यासाठी एक वाक्य ठरलेलं होतं, 'मृतदेहात हालचाल, दुरुस्ती आवश्यक', आणि ते इतक्यांदा लिहून झालं होतं की पहिली दोन अक्षरं दाबली की उरलेलं संगणक स्वतःच पुरं करायचा. त्याने ती दोन अक्षरं दाबली. वाक्य उमटलं. मग हालचाल नेमकी किती वेळ टिकते ते लिहायचं म्हणून त्याने चित्र पुन्हा चालू केलं, आणि ते दोन सेकंद बघितल्यावर त्याचा हात कीबोर्डकडे गेला नाही.

दृश्य वरून घेतलेलं होतं. लांबट शेड, ओली जमीन, दोन रांगांत बावीस माणसं. अंगाला राखाडी पावडर फासलेली, कमरेला फडकं, तोंडावर पोतं. सगळ्यांचे पाय एकाच भिंतीकडे. पुढच्या रांगेत उजवीकडून चौथा जो होता, त्याने दोन्ही टाचा जोडून हळूच वर ओढल्या, गुडघे वाकवले आणि पाय डावीकडे वळवून ठेवले. झोपेत माणूस करतो तसं ते नव्हतं. जागेपणी, ठरवून, पण शेजारच्याला धक्का लागू नये अशा बेताने केलेलं होतं. गुरुदासने चित्र मोठं केलं. उजव्या पायाची करंगळी नव्हती. तिच्या जागी गुळगुळीत, चकाकणारा गोल होता, त्याच्यावर पावडर नीट बसली नव्हती. त्या गोलावर लहानपणी त्याने कितीदा बोट ठेवून बघितलं होतं. झुडपं तोडताना कोयता निसटला होता, असं आप्पा, त्याचे वडील, सांगायचे, आणि तुटलेली करंगळी शोधली पण सापडली नाही, मुंग्यांनी नेली असेल, असंही सांगायचे.

"थांबलं व्हय रं?" आतून आईने विचारलं. "आवाज बंद झाला म्हनून म्हनलं."

"न्हाई, आये. मागं घेतलंय."

त्याची आई तुळजा पडद्याकडे कधी बघायची नाही. पण हेडफोनने गुरुदासचे कान दुखायचे, म्हणून दिवसा तो आवाज उघडा ठेवायचा, आणि सिनेमे तिला ऐकू यायचे. सकाळीच तिने भाकरी थापता थापता विचारलं होतं, "कुठली रे ही मानसं? सारखी वरडालेत." लढाईतली, असं त्याने सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, "अजून चालूच हाय व्हय ती लढाई?" आणि परात घासायला लागली होती. हा प्रश्न तसा बरोबर होता. गेल्या महिन्यापासून त्याच्याकडे लागोपाठ हेच येत होतं: छावण्या, खंदक, पांढरे कोट घातलेले डॉक्टर. कंपनी बंगळूरची. सिनेमा मोबाइलवर आणि टीव्हीवर येण्याआधी तो कुणीतरी शेवटपर्यंत बघावा लागतो, आणि दोन तक्ते भरावे लागतात. पहिल्यात काय काय दिसतं ते: रक्त, उघडं शरीर, छळ, किती वेळ, किती माणसं, म्हणजे प्रेक्षकाला आधी सावध करता येतं. पाचांपेक्षा जास्त मृतदेह असतील तर नेमका आकडा. दुसऱ्यात चुका. जोयड्यातली माणसं आप्पांचं नाव घेऊन म्हणायची, झिलूच्या लेकाला बसून सिनेमे बघायचा पगार मिळतो. ते खरंच होतं. पहिल्या वर्षी त्याने सगळ्या प्रकारचे सिनेमे बघितले. मग पूजाच्या लक्षात आलं की याच्या पोटाला काही होत नाही. पूजा त्याची वरिष्ठ, मूळची बेळगावची. "गुरु, कापाकापीचं सगळं तुलाच देते बघ," ती म्हणाली होती. "बाकीची पोरं दोन दिवस जेवत नाहीत." पोटाला होत नव्हतं असं नाही. सुरुवातीला त्याने आईला कोबी करू नको म्हणून सांगितलं होतं, कारण पोट फाडल्याचा आवाज सिनेमावाले कोबी चिरून काढतात हे त्याला कळलं होतं. पुढे तेही गेलं. आता पडद्यावर पोट फाडलं की त्याला फक्त कोबी ऐकू यायचा, आणि ताटात कोबी आला की फक्त कोबी दिसायचा.

हा सिनेमा त्याच जातीचा होता. सात-आठ वर्षं कुठल्यातरी भांडणात अडकून पडलेला, आता एकदम बाहेर काढलेला. सुरुवातीला 'खऱ्या घटनांवर आधारित' अशी पाटी. एका थंड मुलुखात सैन्याचे डॉक्टर कैद्यांवर प्रयोग करतात. कैद्याचा हात रात्रभर बर्फात बाहेर धरायला लावतात आणि सकाळी त्याच्यावर लाकडी दांडकं मारून आवाज ऐकतात. एकाला रोगाची सुई टोचतात आणि तो किती तासांनी रंग बदलतो ते बघतात. एकाला टेबलावर बांधून, भूल न देता उघडतात, आणि शेजारी उभा असलेला चष्मेवाला मदतनीस वहीत वेळ लिहीत जातो. गुरुदासच्या लक्षात आलं होतं की तो मदतनीस फक्त तास आणि मिनिटं लिहितो, सेकंद लिहीत नाही. निष्काळजीपणा आहे, असं त्याच्या मनात आलं होतं. ते मनात आल्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं, आणि काही वाटलं नाही याचा थकवा मात्र मानेत, खांद्यांत उतरून बसला होता.

आता त्या थकव्याखाली दुसरंच काहीतरी हलत होतं. आप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचे फोटो तीन. रेशन कार्डावरचा एक, गुरुदासच्या चुलतबहिणीच्या लग्नातला एक, त्यात अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्यामागे, आणि मतदार ओळखपत्रावरचा एक, तो कुणाचाही असू शकला असता. हलणारे आप्पा कुठेच नव्हते. तो स्वतः पाच वर्षं बेळगावात लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जुळवत बसला, हजारो अनोळखी मावश्या-आत्यांना त्याने हलतं-बोलतं ठेवलं, पण गावी आला की कॅमेरा पिशवीतच राहायचा. आणि आता हे दोन सेकंद. पडद्याच्या कोपऱ्यात, दुसऱ्या तक्त्यात, त्यांच्यापुढे वाक्य उमटलेलं होतं: मृतदेहात हालचाल, दुरुस्ती आवश्यक.

आठ वर्षांपूर्वी पौषात तो बेळगावहून सुट्टीला आला, तेव्हा आप्पा अंगणात पाठमोरे बसले होते आणि क्षणभर त्याने त्यांना ओळखलंच नाही. डोकं गुळगुळीत. वळले तर मिशीही नाही. मिशीखालची कातडी पांढरी, दुसऱ्याच कुणाची वाटावी अशी. त्याची नजर आधी आजीला शोधायला लागली, कारण आपल्याकडे बाप्या माणसाचं डोकं आणि मिशी एकदम उतरते ती आई किंवा बाप गेल्यावर. पण आजी दारातच बसली होती, पायावर ऊन घेत, आणि तिचा चेहरा रागाने काळा पडला होता. "बघ तुझा बा," ती म्हणाली. "मी जित्ती हाय आनि ह्यानं माझं उरकून घेतलं." आप्पांनी खालमानेने सांगितलं, तिरुपतीला जाऊन आलो. जुना नवस होता. म्हादूकाका आणि आणखी दोघे-तिघे मिळून गेलो. तिथे सगळेच केस देतात. "केस देत्यात," आजी म्हणाली, "मिशी कोन देतंय रे भाड्या?" आप्पांनी लाडवांचा डबा पुढे केला. आजीने चिमूटभर लाडू तोंडात घातला, बराच वेळ जिभेवर घोळवला आणि बाहेर थुंकला. "ह्यो देवाचा न्हाई," एवढंच म्हणाली. नंतर तिने आप्पांच्या हातचं पाणी घेतलं नाही. सव्वा महिन्याने ती खरोखरच गेली, म्हातारपणानेच गेली, पण वाडीत बोलणं झालं. विधीच्या दिवशी न्हावी आला, तेव्हा आप्पांच्या डोक्यावर नखाएवढे केस होते. न्हाव्याने वस्तरा फिरवला, पण पाटावर पडायला काही नव्हतं. सगळे बघत होते. तेव्हा गुरुदास बोलला. मोठ्याने बोलला. "आप्पा, तू आधीच करून आलास की. आता न्हाव्याला कशाला बोलावलंस?" कुणीतरी हसलंही. आप्पांनी वर बघितलं, त्याच्याकडे नाही, त्याच्यामागे उभ्या असलेल्या आईकडे, आणि पुन्हा मान खाली घातली. पुढच्या सहा वर्षांत त्या दोघांमध्ये भाताची, गवताची, दवाखान्याची बोलणी झाली. ते वाक्य मात्र मध्ये पडून राहिलं, उंबऱ्यातल्या दगडासारखं. पाय उचलून ओलांडायची सवय झाली.

फोन वाजला. पूजा होती.

"गुरु, कुठवर आलास?"

"बावन्न."

"अरे, मघाशी बघितलं तेव्हाही बावन्नच होतास. काय अडलंय?"

"मोजतोय."

"काय मोजतोयस?"

"प्रेतं."

ती हसली. "मोज बाबा मोज. तुझ्याइतकं कोण मोजणार! पण सहाच्या आत दोन्ही तक्ते हवेत हं. त्यांचा एडिटर उद्यापासून दुसऱ्या कामावर जातोय. चुका असतील तर आज रात्री काढून टाकतील. एखादा शॉट खराब असेल तर दुरुस्त वगैरे करत बसणार नाहीत, कापूनच टाकतील. लांबी त्यांना कमी करायचीच आहे."

"आणि चूक राहिली तर?"

"तुझ्याकडून?" ती पुन्हा हसली. "पण दुसरी नजर टाकतेच मी. सहाला."

पावणेचार झाले होते. सिनेमाची एकोणचाळीस मिनिटं बघायची राहिली होती. गुरुदास उठून दारात जाऊन उभा राहिला. दाराशी वाडीतल्या म्हादूकाकांची पिशवी आणि छत्री सकाळपासून पडून होती. तालुका कचेरीत कागद द्यायला आले की ते पिशवी इथे टाकायचे आणि चारला चहा घेऊन उळवीकडची बस धरायचे. पिशवीकडे बघता बघता त्याला आठवलं की त्या पौषात म्हादूकाकांचंही डोकं बोडकं होतं. पण त्यांची आई कधीच गेलेली, त्यामुळे त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. तिरुपतीला म्हणून गेलेल्यांतले हे एकटेच उरले होते. ते आले ते पायातली चप्पल काढायच्या आधीच बोलत आले. "गुरुदास, आज बी साहेब न्हाई. मागल्या सोमवारी साहेब हुता तर शिक्का नव्हता. सरकारला आमचं तोंड लई आवडतंय, सारकं बघायला बोलवतंय. तुळजाक्का, च्या टाक. काय गुरु, सिनेमा बघालास व्हय? आम्हाला पन एखादा दाखव की, बाईचा असला तर."

"म्हादूकाका," गुरुदास म्हणाला, "तिरुपतीला तुम्ही कोण कोण गेला होता?"

म्हादूकाकांचा हात चपलेच्या अंगठ्यावर थांबला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "कवाची गोष्ट काढलास रे. झालं की ते आता."

"सांग की," आतून तुळजाचा आवाज आला. शांत होता. "मेला तो मानूस. आता कुनाला भितोस?"

गुरुदासला कळलं की आईला माहीत आहे. ते ऐकून आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की या घरात आपण एकटेच बाहेर उभे होतो.

म्हादूकाका खुर्चीवर टेकले आणि गुडघ्यांकडे बघत बोलायला लागले. "तिरुपती कुठली रे. गणेशगुडीला हुतो आम्ही, आट दिवस. नागराज न्हाई काय, जीपवाला, तो आला सांगत, लढाईचा सिनेमा कराल्यात, मानसं पायजेत, बारीक अंगाची. तुझा बा म्हनला, लढाई म्हंजे शिपाई. बंदूक देतील. त्याला ती हौस हुती, रे. पोरपनी मिलिट्रीत घेतलं न्हाई, पायाचं बोट न्हाई म्हनून. आम्ही म्हनलं चला. गेल्या गेल्या वळीनं बसवून डोसकी भादरली. आम्ही म्हनलं, शिपायाचं कापत्यातच. मग मिशीवर आले. झिलू म्हनला, साहेब, मिशी ऱ्हाऊ दे, घरात आई हाय. त्यो साहेब बंबईचा, त्याला काय कळतंय? तोवर न्हाव्यानं अर्धी उतरवली. अर्धी मिशी घेऊन कुठं जातोस?" ते हसले, पण आवाज न काढता. "मग अंगाला राख फासली. मग कळलं, आम्हाला मढी केल्यात. बंदूक न्हाई आनि काय न्हाई. धरनाच्या कामाचं जुनं शेड, खाली पानी मारलेलं, त्यात उताना टाकलं. आनि वरनं तोंडाला पोती. तोंडाला पोतीच घालायची हुती तर डोसकी कशाला भादरलीस, रांडेच्या? पन इचारनार कुनाला?"

"पाय," गुरुदास म्हणाला.

"तेच की. पाय दक्षिनेला. मागची भित दक्षिन, रे. आम्ही बाकीच्यांनी म्हनलं, असंल, दोन मिनटाचं काम. झिलू न्हाई. पोत्यातनं मला म्हनतोय, म्हादू, मिशी गेली ती गेली, न कळत गेली. पन आई जित्ती असताना कळून-सवरून दक्षिनेला पाय करून मढ्यागत पडू? आनि वडून घ्यायचा. साहेब वरून वरडायचा. मेल्यावर हलतोय कसा, हिंदीत. झिलू म्हनायचा, व्हय साहेब. परत पडायचा. परत वडायचा. अकरा खेपा झालं. शेवटी साहेबाचाच आवाज बसला." त्यांनी गुडघे चोळले. "परत येताना जीपमदी त्यानंच ठरवलं, तिरुपती म्हनायचं. शपत घातली सगळ्यांना."

तुळजा चहा घेऊन बाहेर आली होती. कपबशा खाली ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली. "मला त्याच राती कळलं," ती म्हणाली. "लाडवाचा डबा हितल्याच रामनगरचा हुता. खाली दुकानाची चिठी तशीच. कानामागं राख."

"मग आजीला का सांगितलं नाहीस? ती उगीच रागावून गेली."

"काय सांगू? तुझा ल्योक मढं हून आला म्हनून?" तिने पदराने हात पुसले. "बोडकं डोसकं बघून नुसती रागावली. हे ऐकली असती तर त्याच दिवशी गेली असती. त्यापरीस राग बरा."

"मला तरी..."

"तू बोललास तवा आलं हुतं व्हटावर. त्यानं डोळ्यानं नको म्हनलं." तिने त्याच्याकडे बघितलं, दोष न देता, भाजी निवडताना बघावं तसं. मग लॅपटॉपकडे हनुवटी केली. "दिसतोय व्हय ह्यात?"

बावन्न पंधरापासून बावन्न एकोणीसपर्यंत. त्याच्या अलीकडे टेबलावरचा माणूस होता, तो दिसू नये म्हणून गुरुदासने आधी पडद्यावर हात धरला, आवाज बंद केला, आणि नेमक्या जागी आल्यावर हात काढला. तुळजा चष्मा आणायला आत गेली, आली, वाकली. म्हादूकाकाही उठून मागे उभे राहिले. पाय वर आले, वळले. "पुन्ना लाव," ती म्हणाली. त्याने लावलं. "पुन्ना." तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ती सरळ झाली. "भुई वली हाय रे," एवढंच म्हणाली. म्हादूकाका आपल्याला शोधत होते. पोत्यांमुळे त्यांना ते सापडले नाहीत. डावीकडून तिसरा की चौथा, ठरेना. "सगळी सारकीच दिसालेत," ते म्हणाले, जरा खट्टू होऊन. मग बाहेर कंडक्टरची शिट्टी ऐकून त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पिशवी उचलली. छत्री विसरून गेले.

गुरुदासने आईला समजावून सांगितलं. ही चूक आहे. चुका लिहिणं हे त्याचं काम आहे. लिहिली तर हे दोन सेकंद आज रात्री कापले जातील आणि मग ते कुठेच राहणार नाहीत, कारण ही फाइल ठेवून घ्यायला त्याला परवानगी नाही, सहानंतर ती उघडणारसुद्धा नाही. नाही लिहिली तर पूजा बघेल, आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा त्याची नजर चुकली असं होईल. त्याला वाटलं होतं, आई म्हणेल, नको लिहू. तिने थोडा विचार केला. "तुझं काम हाय ते," ती म्हणाली. "लिवायचं तर लिव. मी बघिटलं की." आणि कपबशा गोळा करून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

त्याला आता कुणीतरी थांबवायला हवं होतं आणि कुणी थांबवत नव्हतं. तो खुर्चीत बसून राहिला. बेळगावच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात आप्पांची खाट दक्षिणेला पाय होतील अशी लावलेली होती. ते सारखे गुडघे पोटाशी घेऊन, पाय वळवून झोपायचे आणि सलाईनची नळी अडकायची. नर्स वैतागायची, "अज्जा, सुम्ने मलकोरी," आजोबा, गप पडून राहा, असं कानडीत म्हणायची आणि पाय ओढून सरळ करायची. ती गेली की टाचा पुन्हा जोडून, हळूच, वर. गुरुदासने शेवटी वॉर्डबॉयला हाताशी धरून खाट फिरवून घेतली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा हट्ट. आजीला तर जाऊन सहा वर्षं झालीत, आता कुणासाठी? आणि मग वाडीतल्या घरी, सारवलेल्या जमिनीवर, चार लोकांनी सांगितलं तसं त्यानेच चटई फिरवली होती, त्यानेच पाय धरून दक्षिणेकडे केले होते. अंगठे बांधायच्या आधी तो थोडा थांबला होता. कशासाठी थांबला ते कुणाला कळलं नाही, कुणी विचारलंही नाही. तो वाट बघत होता, टाचा ओढल्या जायची. करंगळीच्या जागचा तो गोल त्याच्या हाताखाली होता, थंड, गुळगुळीत. पाय जिथे ठेवले तिथेच राहिले. प्रेत असं असतं. हे त्याला तेव्हा कळलं होतं, आणि तरी नंतरची दोन वर्षं तो पडद्यावर हलणाऱ्या माणसांना प्रेतं म्हणत, त्यांची हालचाल चूक म्हणून लिहीत आला होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्याने दुसऱ्या तक्त्यातली ओळ पुसली. मग पहिला तक्ता उघडला आणि पुढची रांग डावीकडून मोजली, मागची रांग उजवीकडून मोजली. सवयीने पुन्हा एकदा मोजली. लिहिलं: बावन्न मिनिटं चार सेकंद ते बावन्न मिनिटं एकतीस सेकंद. मृतदेह, एकवीस.

पुढचा सिनेमा त्याने दुप्पट वेगाने चालवला नाही, जरी वेळ नव्हता. दोनच मिनिटांनी ते दृश्य आलं. प्रयोग संपलेले, सैन्य माघार घेतंय, पुरावा राहू नये म्हणून शिपाई शेडवर डबे ओततात आणि काडी टाकतात. हे येईल हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. अशा सिनेमांत हे येतंच. शेड बाहेरून दिसत होती, छपरावर मिठाचं बर्फ, आणि फळ्यांच्या फटींतून आतले ओळीने पडलेले पाय. तक्त्यात रकाना होता: आगीत व्यक्ती, मृत की जिवंत. तो थांबला. वर एकवीस लिहिलं होतं ते त्याला आता खोडता येत नव्हतं, कारण ते खरं होतं. त्याने लिहिलं: मृत एकवीस, जिवंत एक. साडेतीन वर्षांत कितीतरी माणसं त्याच्यासमोर जाळली गेली होती, आणि हा पहिलाच.

फोन सहाच्या बराच आधी आला, तो अजून त्याच दृश्यावर थांबलेला असताना. पूजा तक्ता बघत होती. "गुरु, बावन्नला एकवीस लिहिलंयस. मी बावीस मोजले."

"माणसं बावीस आहेत. प्रेतं एकवीस."

"म्हणजे?"

"पुढची रांग, उजवीकडून चौथा. सतरा सेकंदांना बघ."

ती बघत असावी. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अरे देवा," ती म्हणाली. "हा जिवंत आहे." आणि थोड्या वेळाने, वेगळ्या आवाजात, "आणि पुढे ते शेड... गुरु, हे फार भयंकर केलंय रे दिग्दर्शकाने. इतकं बारीक ठेवलंय, कुणाच्या लक्षातही येणार नाही. असं खरंच झालं असेल ना तिकडे? नीट मेलेलेसुद्धा नसतील, आणि लिहून टाकलं असेल."

"असेल."

"हे ठेवायलाच हवं. फक्त वेगळी सूचना टाक, मृतांमध्ये जिवंत व्यक्ती." तिने श्वास सोडला. "एक मात्र आहे. जिवंत आहे तर आग लागल्यावर तो ओरडत का नाही? आवाजच टाकलेला नाही. ही चूक धरू का? ध्वनी गहाळ म्हणून?"

गुरुदासने पडद्याकडे बघितलं. शेड जळत होती. लाकडं तडकल्याचा आवाज होता, वाऱ्याचा होता, दूर कुत्रं भुंकत होतं, आणि माणसाचा आवाज नव्हता. त्याने कानावर हेडफोन चढवून ते बारा सेकंद पुन्हा ऐकले. नव्हता. पाटावर बसून, खालमानेने, कोरड्या डोक्यावरून वस्तरा फिरवून घेणारे आप्पा त्याला दिसले, आणि त्यांच्यामागे हसलेला तो कुणीतरी.

"नको," तो म्हणाला. "ती चूक नाही."

त्याने सूचना टाकली, फोन ठेवला, आणि उरलेला सिनेमा बघायला लागला. सहाला तक्ते गेले नाहीत. पूजाने साडेसहापर्यंत चालेल म्हणून लिहिलं. पडद्यावर राख उडत होती आणि कुणी काही बोलत नव्हतं.

"थांबलं व्हय रं?" आतून आईने विचारलं.

"न्हाई, आये," तो म्हणाला. "चालू हाय."